धावायच्या आधी डुंबायचं!

माहीत आहे का, तुमचं बाळ जन्माला येतं तेच नऊ महिन्यांचा स्विमिंग कोर्स करून? चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास आईच्या पोटातलं पाणी साधारण 800 मिलीलिटर भरतं. पहिला प्रायव्हेट पूल! कोमट आणि फ्री.

बाहेर आल्यावरही बेटा जादू विसरत नाही. तान्ह्याचं तोंड पाण्याखाली गेलं की श्वास आपोआप थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात. हा डायव्हिंग रिफ्लेक्स. सीलमध्येही असतो, बाळातही!

अमेरिकेच्या मर्टल मॅकग्रॉ बाईंनी तर 42 पोरं पाण्यात उतरवून पाहिली आणि 1939 मध्ये निष्कर्ष छापले. त्यातलं सगळ्यात छोटं किती दिवसांचं, माहीत आहे का? अवघ्या 11! तान्ह्यांचे हातपाय पाण्यात तालात चालत होते. पण चार-सहा महिन्यांची झाल्यावर तीच पोरं धडपडायला आणि खोकायला लागली. जादूची एक्स्पायरी डेट फार जवळची. म्हणून रील बघून भुलू नका: रिफ्लेक्स म्हणजे पोहणं नव्हे. श्वास घ्यायला डोकं वर काढणं त्या वयात जमतच नाही.

निर्वाणा बँडच्या 1991 च्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमच्या कव्हरवरचं, नोटेमागे झेपावणारं पाण्यातलं बाळ आठवतंय? फोटो काढला तेव्हा ते जेमतेम चार महिन्यांचं होतं. नोटेमागे धावायचं वय नव्हतं, डुंबायचं मात्र होतं.

आता फायद्याचं बोलू. 2010 मध्ये सिगमुंडसन आणि हॉपकिन्स या संशोधकांनी बेबी स्विमिंग केलेली आणि न केलेली पोरं चार वर्षांची झाल्यावर तपासली. तोल सांभाळण्यात आणि वस्तू पकडण्यात डुंबलेली पोरं पुढे! प्रत्येक गटात फक्त 19 पोरं होती, तेव्हा लगेच ढोल नको. पण कल्पना पटण्यासारखी आहे: पाणी वजन उचलून धरतं, बाळ निवांत लाथा मारतं.

माहीत आहे का, थायलंडच्या किनाऱ्यावरच्या मोकेन जमातीची मुलं पाण्याखाली युरोपातल्या मुलांच्या दुप्पट स्पष्ट बघतात? आणि ट्विस्ट: सराव दिला तर युरोपातल्या मुलांनाही ते जमतं.

आता चला जालना जिल्ह्यातल्या धावड्याला. भोकरदन तालुका, मिरचीचा पट्टा, मे महिन्यात ऊन मिरचीइतकंच झणझणीत. इथे हीटेड बेबी पूल कुठून येणार? गरजही नाही. आजी पाय पसरून नातवाला पायावर पालथं घालते आणि तांब्यातांब्यानं ऊन पाणी सोडते, ते फुल हायड्रो सेशनच! तान्ह्यांच्या पूलचं पाणी साधारण 32 अंश हवं, विहिरीचं पाणी त्यांना गार पडतं. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली ऊब पळवतं आणि बाळाचं अंग चट्‌कन गारठतं. ओठ निळसर झाले? शो ओव्हर, टॉवेल आणा.

थोडी मोठी झाली की विहीर आहेच. पाठीला रिकामा डबा नाहीतर ट्रॅक्टरची ट्यूब, काठावर काका, आणि धप्पकन मुटका! मराठवाड्याची ही स्विमिंग अकादमी, फी शून्य. पण डब्याचं वय पाच-सहाच्या पुढचं. पिल्लांसाठी घंगाळच बरं.

ब्रेकिंग न्यूज: गळ्यात अडकवायची फुगीर रिंग ऑनलाइन दिसली तर कार्टमध्ये टाकू नका. अमेरिकेच्या एफडीएनं 2022 मध्येच तिच्याबद्दल इशारा दिलाय.

2009 च्या एका अमेरिकी अभ्यासात 1 ते 4 वर्षांच्या मुलांमध्ये रीतसर पोहणं शिकण्याचा आणि बुडण्याचा धोका 88 टक्क्यांनी कमी असण्याचा संबंध दिसला. त्यानंतर, 2010 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ‘चार वर्षांआधी नको’ हा जुना पवित्रा सोडला. एक वर्षाखालच्यांना मात्र क्लासमुळे बुडण्यापासून संरक्षण मिळतं, असा पुरावा नाही. त्यांच्यासाठी सगळं फक्त मजा आणि आईबाबांची मिठी. नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण जास्त पाणी गिळलं तर रक्तातलं सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात.

आणि बादली? ती सगळ्यात छुपी व्हिलन! नुकत्याच चालायला लागलेल्या पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड. वाकलं की तोल पुढेच जातो आणि पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. आवाज? बहुतेकदा येतच नाही.

शेवटी जालन्याचा खास इशारा. याच जिल्ह्यातलं कडवंची द्राक्षं आणि शेततळ्यांसाठी गाजलं, आता शेततळी गावोगाव आहेत. दिसायला झकास पूल, पण प्लास्टिकचा कागद असा गुळगुळीत की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तुमच्या शेतात तळं असेल तर भोवती कुंपण घाला आणि एक गाठी मारलेला दोर आत सोडून काठावर घट्ट बांधा. या रविवारीच!