हलक्या विमानाचे अंग

गणेशोत्सवापूर्वी लालबाग-परळच्या मूर्तिशाळांवरून जाताना आमच्या वाचकांनी साच्यातून मूर्ती घडताना पाहिलीच असेल. कारागीर प्लॅस्टरमध्ये नारळाचा काथ्या भिजवून तो साच्याच्या आतील बाजूस लावतो. नुसते प्लॅस्टर ठिसूळ, नुसता काथ्या लुळा. परंतु दोहोंचा संयोग झाला म्हणजे पोकळ मूर्तीही आपला भार सोसते. आजची पुष्कळ हलकी विमाने याच तत्त्वावर बनतात, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल.

तेथे काथ्याच्या जागी काचतंतूंचे कापड असते व प्लॅस्टरच्या जागी इपॉक्सी नावाची राळ. ताण तंतू सोसतात. राळ त्यांस एकत्र धरून ठेवते. म्हणून ज्या दिशेने ताण पडावयाचा, त्याच दिशेने तंतू घालावे लागतात. पंखास पीळ पडू नये म्हणून काही थर 45 अंशांत तिरपे लावतात. दोन बाजूंच्या कापडांमध्ये थर्मोकोलच्या जातीचा हलका गाभा असतो. या गाभ्याची जाडी दुप्पट केली असता ताठपणा सुमारे चौपट होतो, वजन मात्र अल्पच वाढते.

अमेरिकेतील बर्ट रुटान यांचे या रीतीने बांधलेले 'व्हॅरिईझ' विमान 1975 साली उडाले, व घरी विमान बांधू इच्छिणाऱ्यांस मार्ग सुलभ झाला. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तंतू व राळ यांपासूनच बनलेले 'हंस' हे 2 आसनांचे विमान 1993 साली प्रथम उडाले. आपल्या मुंबईतही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर 6 आसनांचे विमान बांधले. 2017 साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली.

आता कृती पाहू. गाभा तापलेल्या तारेने कापून त्यास पंखाचा आकार देतात. राळ व तिला घट्ट करणारे द्रव्य काट्यावर तोलून मिसळतात. घाई आहे म्हणून ते द्रव्य अधिक घालणे हा अविचार होय. प्रमाण चुकले की राळ कच्ची राहते. कापड भिजले की जादा राळ निपटून काढावी, कारण तिने वजन वाढते, बळ वाढत नाही. पावसाळ्यातील दमट हवा या कामास घातक. खोली कोरडी हवी, व हातांत मोजे अवश्य असावेत. शिकणाऱ्याने प्रथम वीतभर तुकडे करावे आणि ते मोडून पाहावे.

या कामातील खरा धोका असा की, थरांत राहिलेली पोकळी रंगाखाली दिसत नाही. नाण्याने ठोकून पाहिल्यास निर्दोष भाग खणखणीत वाजतो, सुटलेला भाग बद्द वाजतो. तसा आवाज आल्यास महिन्याचे श्रमही टाकून देण्याची तयारी हवी. वाळूवर घर बांधणाऱ्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्याचे घर तरी भूमीवर होते. येथे खाली केवळ वारा असतो.