क्रीडा-मानसशास्त्रज्ञ : पदनामाचा प्रश्न व व्यवसायाच्या वाटा

मानसशास्त्राच्या ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची दृष्टी क्रीडाक्षेत्राकडे वळली आहे, त्यांनी अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी 'मानसशास्त्रज्ञ' या शब्दाचा विचार करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. भाषेच्या अभ्यासकाने या विषयास हात घालण्याचे कारण इतकेच की, येथे वाटा फुटतात त्या नाम व त्याचे विशेषण यांच्या सांध्यावर.

ब्रिटनमध्ये 'मानसशास्त्रज्ञ' हे नुसते नाम कायद्याने राखलेले नाही. परंतु 'क्रीडा व व्यायाम मानसशास्त्रज्ञ' हे संपूर्ण पदनाम २००९ पासून संरक्षित आहे. मान्यताप्राप्त पदवी, त्यावर या विषयातील पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर देखरेखीखाली केलेले प्रत्यक्ष काम, इतके झाल्यावरच नोंदणी होऊन ते नाव लावता येते. अमेरिकेत नेमके उलट आहे. तेथे राज्यांचे कायदे मूळ नामच राखून ठेवतात. त्यामुळे शारीरिक शिक्षणाच्या विभागातून या विषयाची डॉक्टरेट मिळविलेल्यासही परवान्यावाचून त्या नावाने व्यवसाय करता येत नाही. अशांसाठी 'मानसिक कामगिरी सल्लागार' असे निराळे प्रमाणपत्र आहे. एकाग्रता कशी साधावी, दडपण कसे पेलावे, हे त्याने शिकवावे. नैराश्यावर उपचार करू नयेत. पाच-सहा वर्षे खर्ची पडल्यावर विद्यार्थ्यास हा भेद कळावा, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

भारतात १९९२ च्या पुनर्वास परिषद अधिनियमाखाली चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी होते. क्रीडा-मानसशास्त्रज्ञाचा स्वतंत्र वर्ग तीत नाही. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाबरोबर पॅडी अप्टन होते तेही मानसिक तयारीचे प्रशिक्षक या नात्याने. तेव्हा खेळाडूच्या मनोविकारांवर ज्यास उपचार करावयाचे आहेत, त्याने आधी चिकित्सा-मानसशास्त्राची वाट धरावी व खेळाचा अभ्यास मागाहून जोडावा, हे बरे.

चरितार्थाचा प्रश्न जुनाच आहे. कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उभारलेली क्रीडा-संशोधनाची प्रयोगशाळा १९३२ मध्ये बंद पडली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने त्यांना पाचारण केले खरे. पण व्यवस्थापकाशी त्यांचे जमले नाही.

'व्यायाम' हे पद मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. आपल्याकडे 'तालीम' या एकाच शब्दात मल्लाचा आखाडा व नाटकाची पूर्वतयारी ही दोन्ही सामावतात. नित्य आवृत्तीची कल्पना दोहोंच्या मुळाशी आहे. व्यायाम-मानसशास्त्राचा विषय ही आवृत्तीच होय. हृदयविकारातून उठलेल्या रुग्णाने चालण्याचा नेम दुसऱ्या महिन्यात का मोडला, याचा शोध घेणाऱ्याचे काम क्रीडांगणापेक्षा रुग्णालयात अधिक असते.