कोंबडीची रुचि आणि खाद्यांतील अमिनो आम्लें

कोंबडी दाणा चावीत नाहीं. चोचींत धरून तसाच गिळते. यावरून तिला चव मुळींच कळत नाहीं, असा समज पुष्कळांचा असतो. तो यथार्थ नव्हे. कुक्कुटपालनाच्या एकंदर खर्चापैकीं सुमारें दोनतृतीयांश खर्च खाद्यावरच होत असल्यामुळें या समजाची छाननी करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मनुष्याच्या मुखांत रुचिकलिका हजारोंनीं असतात. कोंबडीच्या मुखांत त्या कांहीं शेंच असून बहुतेक टाळूवर व मुखाच्या तळाशीं असतात. २००४ सालीं कोंबडीच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला, त्यावरून गोडी ओळखण्यास लागणारें एक जनुक तिच्या ठायीं नाहीं, असें दिसून आलें. म्हणून रुचि यावी या हेतूनें खाद्यांत गूळ घालणें व्यर्थ होय.

परंतु एक रुचि तिला खास कळते. १९०८ सालीं किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानें समुद्रवनस्पतीच्या कढांतील रुचि ग्लुटामिक आम्लामुळें येते असें दाखवून तिला ‘उमामी’ हें नांव दिलें. हें एक अमिनो आम्लच होय. प्रथिनें म्हणजे अशा आम्लांच्या सांखळ्या. त्यांची रुचि ओळखणारा जो ग्राही असतो, त्याचे दोन्ही घटक कोंबडीपाशीं आहेत. इतकेंच नव्हे, तर ते तिच्या जठरांत व आंतड्यांतही आढळतात.

मग खाद्यांतील उणीव ती चोंच लावतांच ओळखील काय? नाहीं. मुखांत रुचि लागते ती सुट्या आम्लांची. दाण्यांतील बहुतेक आम्लें सांखळींत गुंफलेलीं असतात व तीं पुढें पचनांत सुटतात. यास्तव उणिवेचा बोध प्रथम शरीरास होतो. निकृष्ट खाद्य खाऊन पक्षी मंदावतो, त्याचें खाणें घटतें. आणि दोन खाद्यें पुढें ठेविल्यास तो अनुभवानें पुरें खाद्य निवडूं लागतो.

महसुली तक्त्यांत एक रकाना रिकामा राहिला तर बाकीचे भरलेले असूनही तक्ता पुरा होत नाहीं. अमिनो आम्लांचें तसेंच आहे. एक आवश्यक आम्ल उणें पडलें, तर इतरांचाही पुरा उपयोग होत नाहीं. ज्वारी व मका यांत लायसिन कमी असतें. भुईमुगाच्या पेंडींत लायसिन व मेथिओनिन दोन्हीं कमी. केवळ दाणा आणि ही पेंड यांवर ठेविलेल्या कोंबड्यांचीं अंडीं लहान पडतात व पिसें नीट भरत नाहींत. सोयाबीनची पेंड लायसिनची उणीव भरून काढते, पण मेथिओनिन तींतही बेताचेंच असतें. मासळीच्या कुटींत दोन्हीं चांगल्या प्रमाणांत असतात. ती न मिळाल्यास तयार मेथिओनिन मापानें मिसळावें.

कोंबडी डोळ्यांनीं व चोचीनें पारखून मोठे कण आधीं टिपते. म्हणून खाद्य सारखें भरडून नीट कालवावें, नाहीं तर महाग भाग तळाशीं राहतो.

सारांश, कोंबडी खाद्य नाकारूं लागली तर तिला खोडकर ठरवून गूळ आणावयास धांवूं नये. आधीं तिच्या खाद्याचा हिशेब तपासावा. गुळाचे पैसे मासळीच्या कुटीकडे वळविले, तर त्यांचें चीज होईल.