न्यायसहायक मानसशास्त्र : फी भरण्याआधी

धामणगाव बढ्यात आम्ही कापडवाले तागा उलगडल्याशिवाय घेत नाही, मुलीच्या एम.ए.ची फी मात्र माहितीपत्रक पाहूनच भरतो. फॉरेन्सिक सायकॉलॉजी म्हणजे आरोपी, साक्षीदार, पीडित यांच्या मनाचा न्यायालयासाठी अभ्यास. 2020 साली राष्ट्रीय झालेल्या गांधीनगरच्या फॉरेन्सिक विद्यापीठात हा विषय शिकवतात. पण नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. सिनेमातल्या नार्को चाचणीला भुलून तर जाऊच नका. संमतीशिवाय ती करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच मनाई केली. कॉलेजला विचारा, प्रत्यक्ष काम कोठे शिकवता? तुरुंगात, प्रयोगशाळेत, की फक्त वर्गात? मागच्या तुकडीतली मुले आज कोठे नोकरीला आहेत? त्यांतल्या एकदोघांना स्वतः भेटा, मगच पैसे मोजा.