जेवण कामगाराचे, काम खुर्चीचे

‘शुगर निघाली’ असे कळले की भिलाईतल्या घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता काय काय बंद करायचे? उत्तरेही ठरलेली असतात. साखर बंद, बटाटा बंद, आंबा-केळे बंद, सकाळी उठल्यावर कारल्याचा रस सुरू. या यादीत भाताचे नाव बहुधा शेवटी येते, आणि आले तरी ‘थोडा कमी कर’ एवढ्यावरच भागवले जाते. जेवल्यानंतर पाय किती हलतात, हे तर कोणी विचारतच नाही. टाइप टू मधुमेहाचे निदान नवे असताना पहिली एक-दोन वर्षे फार मोलाची असतात, आणि त्या काळात आहार व व्यायाम ही गोळीच्या जोडीने पाळायची किरकोळ पथ्ये नाहीत. तो मात्रा ठरवून घ्यायचा उपचार आहे. मात्रा मोजायची ती आधी भाताची आणि मग चालण्याची. बाकीच्या याद्या त्यानंतर.

भिलाईत हे म्हणायला खास कारण आहे. इथल्या पोलाद कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूर ही १९५६ पर्यंत या मुलखाचीच राजधानी होती, त्यामुळे विदर्भातल्या मराठी कुटुंबांना हे गाव परके नव्हते. त्या पिढीतला कामगार सेक्टरमधून सायकल मारत कारखान्यात जायचा, आठ तास भट्टीच्या धगीत उभ्याने राबायचा आणि सायकलनेच परत यायचा. त्याच्या ताटातला भाताचा डोंगर त्या कामात जळून जायचा. कारखान्याची क्षमता सुरुवातीला दहा लाख टन होती. २०१८ साली विस्तारित कारखान्याचे लोकार्पण झाले तेव्हा ती सत्तर लाख टनांवर गेली होती. उत्पादन वाढले, पण घाम गाळणारी बरीच कामे यंत्रांनी उचलली. नियंत्रण कक्षातला माणूस पडद्यासमोर बसतो, गाडीने येतो, गाडीने जातो. ताट मात्र वडिलांचेच राहिले आहे, आणि त्याला तांदळाच्या प्रदेशाची साथ आहे. ‘धान का कटोरा’ म्हणवणाऱ्या छत्तीसगडात सकाळी पोहे, दुपारी भात, रात्री पुन्हा भात, आणि सणाला चिला-फरा, म्हणजे तांदळाचेच पीठ.

यावर पहिला आक्षेप नेहमी हाच असतो : आमचे आजोबा तर दोन वेळा भातच खायचे, आणि आम्ही काही लठ्ठ नाही. आजोबांच्या श्रमाचे उत्तर वर आलेच. ‘लठ्ठ नाही’ याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्राने दिले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते स्वतः आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखेच दिसणारे भारतीय शरीर आतून कमी स्नायूंचे आणि जास्त चरबीचे असू शकते, आणि याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात तर हा फरक जन्मलेल्या बाळातच दिसला. म्हणून आपल्याकडे धोक्याची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ पासून धरतात. पोट पुढे, हातपाय काडीसारखे, ही ठेवण आपल्या इतकी ओळखीची आहे की ती रोगाची खूण असेल असे कोणाला वाटतही नाही.

ही चरबी करते काय, हे न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांनी उलगडून दाखवले. गरजेपेक्षा जास्त आलेल्या पिष्टाची यकृत चरबी करते. साठवण वाढली की यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. संध्याकाळी फक्त वरण खाऊन झोपलेल्या माणसाची सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली दिसते ती यामुळे. तीच चरबी पुढे स्वादुपिंडात जाते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. पण या पेशी सुरुवातीला मेलेल्या नसतात, दबलेल्या असतात. २०११ साली टेलर यांनी ११ रुग्णांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवले. उपाशीपोटीची साखर सात दिवसांत पूर्वपदावर आली, आणि आठ आठवड्यांत पेशीही जाग्या झाल्या. वर्षे लोटतात तशी ही जाग कमी कमी होत जाते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचा अंदाज होता की निदानाच्या दिवशीच या पेशींचे निम्मे बळ गेलेले असते. त्याच अभ्यासाचा २००८ सालचा निष्कर्ष असा की सुरुवातीला साखर ताब्यात ठेवलेल्यांना त्याचा लाभ पुढेही दहा वर्षे मिळत राहिला. निदानानंतर ‘बघू, दिवाळी झाली की सुरू करू’ म्हणण्यात जातात ते महिने सर्वांत महागाचे असतात.

पुरावा इतक्यावर थांबत नाही. ‘डायरेक्ट’ या ब्रिटिश चाचणीत सहा वर्षांच्या आत निदान झालेले ३०६ जण होते. निम्म्यांच्या गोळ्या बंद करून त्यांना तीन ते पाच महिने रोज सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचा आहार दिला. वर्षअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के. पण ते सगळे शंभर किलोच्या आसपासचे गोरे लोक, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. टेलर यांनी नंतर बीएमआय २१ ते २७ असलेले २० मधुमेही घेतले, वरकरणी सडपातळ. टप्प्याटप्प्याने वजन उतरवल्यावर त्यांतल्या १४ जणांचा मधुमेह मागे हटला. आणि भारतातलाच दाखला हवा असेल तर चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ सालचा अभ्यास आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांपैकी काहीच बदल न केलेल्यांत तीन वर्षांत ५५ टक्के मधुमेही झाले, तर आहार आणि चालणे सांभाळणाऱ्यांत ३९.३ टक्के. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तितकाच फायदा झाला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की चालणाऱ्या-जपणाऱ्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. काटा हलला नाही म्हणून सगळे व्यर्थ गेले, असे समजून सोडून देणाऱ्यांनी हा अभ्यास ध्यानात ठेवावा.

आता ताट. नेहमीच्या स्टीलच्या वाटीत दाबून भरलेला भात साधारण दीडशे ग्रॅम, आणि त्यात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके. दुपारच्या ताटात असा चार वाट्या भात सहज असतो. ढीग एकच दिसतो, म्हणून चार वाट्या आहेत हे कळत नाही. ते झाले १६० ग्रॅम. त्याला दोन पोळ्या आणि बटाट्याची रस्सा भाजी जोडली की आकडा दोनशे ओलांडतो. पंधराशे कॅलरींच्या आहारातली निम्मी ऊर्जा कर्बोदकांतून घ्यायची म्हटली, तर अख्ख्या दिवसाचा वाटा सुमारे १९० ग्रॅम. म्हणजे एका जेवणात दिवस संपला. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासातल्या १८ हजार लोकांच्या आहारावरून २०२२ साली एक हिशेब मांडला गेला : नव्या मधुमेह्याने कर्बोदके एकूण ऊर्जेच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिने १९ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवावीत, तर रोग मागे हटण्याची शक्यता वाढते. हे गणिती अनुमान आहे, प्रत्यक्ष चाचणी नव्हे. पण त्याची दिशा वर सांगितलेल्या शरीराशी जुळते, आणि त्यात भात सोडायला सांगितलेला नाही, हे महत्त्वाचे. भात वाटीने मोजून एक वाटी. रिकाम्या झालेल्या जागेत घट्ट वरण, हरभरे, अंडे, तळ्यातली मासळी, दही. आणि भाजी दोन मूठ नव्हे, ताटाचा अर्धा भाग. लाल भाजी, चेच, चरोटा, मुनगा : इतक्या पालेभाज्यांचे वैभव थोड्याच मुलखांना लाभले आहे. पण आपल्या ताटात भाजी लोणच्याएवढीच वाढली जाते, याचे फार वाईट वाटते.

इथे दोन समजुती तपासल्या पाहिजेत. बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात, साखरेला चांगला, असे हल्ली ऐकू येते. शिजलेला भात गार झाला की त्यातले थोडे पिष्ट आतड्यात पचेनासे होते, हे खरे. मात्र ते प्रमाण शंभर ग्रॅमला एखाद्या ग्रॅमच्या घरातले आहे. बासी उन्हाळ्यात अंगाला गारवा देते, तिचा मान ठेवावा, पण चार वाट्या बासी म्हणजे जवळपास चार वाट्या भातच. कोदो-कुटकीचेही तसेच. राज्याने २०२१ साली मिलेट मिशन सुरू केले, ते योग्यच झाले. कोदोत चोथा तांदळापेक्षा जास्त असतो. पण शंभर ग्रॅम कोदोत ६६ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि तांदळात ७८. धान्य बदलून वाटी तेवढीच ठेवली तर फरक थोडाच पडतो. गूळ आणि मध यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, ती साखरच आहे. कारल्याची भाजी जरूर खावी. तिच्या भरवशावर भात वाढवून घेऊ नये.

पायांकडे वळू. स्नायू हलला की तो इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो, म्हणून इन्सुलिन दुबळे पडलेल्या माणसाला चालण्याइतका जवळचा मित्र नाही. कधी चालावे, यालाही उत्तर आहे. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली ४१ मधुमेह्यांना काही दिवस रोज एकदा तीस मिनिटे आणि काही दिवस तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालायला लावले. मिनिटे तेवढीच, पण जेवणानंतर चालण्याने साखरेची चढण सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. पहाटेचा फेरा चांगलाच आहे. पण तो मारून आल्यावर दिवसभर बसणाऱ्याने जेवणानंतरची दहा मिनिटे गमावू नयेत. टाउनशिपसारखे झाडांच्या सावलीचे रुंद रस्ते यासाठी देशातल्या फार थोड्या शहरांकडे असतील. मे महिन्याच्या उन्हात ते शक्य नसेल तर घरातल्या घरात, जिन्यात, गच्चीवर. आठवड्याला दीडशे मिनिटे हे माप, आणि सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको, कारण स्नायूंवरचा परिणाम तेवढाच टिकतो. शिवाय आपल्या शरीरात स्नायूच कमी आहेत, तेव्हा आठवड्यातून दोन-तीन वेळा उठाबशा, भिंतीला टेकून दंड किंवा वजन उचलणे हवेच.

शिफ्टमध्ये हे जमत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, त्यामुळे सी शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, दोन वाजता उघडलेला भाताचा डबा दुपारच्या त्याच डब्यापेक्षा जास्त त्रास देतो. मोठे जेवण कामावर निघण्यापूर्वी, रात्री डब्यात उकडलेले हरभरे, अंडे किंवा दही, आणि सकाळी परतल्यावर भरल्या पोटी लगेच अंथरुणात न शिरणे, एवढे तरी जमवता येते. नुसती इच्छाशक्ती दाखवा म्हणून सांगणे कामगारावर अन्याय आहे; कॅन्टीनमध्ये हरभरे आणि दही मिळाले तर निम्मे काम सोपे होईल.

गोळीविरुद्ध हा लेख नाही. निदानाच्या वेळी साखर फारच चढलेली असेल, वजन आपोआप झडत असेल, तहान-लघवी थांबत नसेल तर आधी औषध, कधी इन्सुलिनही. त्यात हार कसली? ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात एकदम निम्मा केला तर साखर धोकादायकरीत्या घसरू शकते, म्हणून ताट बदलण्याच्या दिवशीच मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलावे. आणि खरोखरच कुपोषित, हाडकुळ्या माणसाला वजन उतरवायला सांगणे हा अपराध ठरेल. लहानपणीच्या उपासमारीतून येणारा मधुमेह निराळा असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली त्याला टाइप फाइव्ह हे नाव देऊन मान्यता दिली. छत्तीसगडच्या खेड्यांत हा विचार डोक्यात ठेवूनच रुग्ण पाहायला हवा.

याच प्रदेशाची आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. छत्तीसगड आणि विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो. नुसता वाहक असलेल्यातही तो थोडा खाली दिसू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने तो चढलेला दिसतो. ‘सरासरी ६.३ आली, सुटलो’ असे म्हणण्याआधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर त्या आकड्याशी जुळते का, ते पाहावे, आणि सिकलिंगची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : मागे हटलेला मधुमेह टिकतो कुठे? ‘डायरेक्ट’मध्ये ४६ टक्क्यांचे दोन वर्षांनी ३६ झाले, आणि एकूण पाच वर्षे पाठपुरावा केलेल्या गटात १३ टक्केच उरले. हे लपवून आहाराचा प्रचार करणे अप्रामाणिक होईल. पण घसरण कशामुळे झाली तेही त्याच आकड्यांत आहे : ज्यांचे वजन परत आले, त्यांचा मधुमेह परत आला. म्हणूनच त्या चाचणीत एक नियम ठेवला होता. काटा दोन किलोने वर गेला की साखर वाढण्याची वाट न पाहता काही आठवडे पुन्हा कमी कॅलरींच्या आहारावर जायचे. घरात वजनकाटा असावा, आठवड्यातून एका ठरलेल्या सकाळी त्यावर उभे राहावे आणि आकडा कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवावा.