कान्नोनच्या शेजारचे कोळी

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या व्हिएतनामी बौद्ध केंद्रात क्वान आमची उंच पांढरी मूर्ती आहे, आणि त्याच गावात अष्टलक्ष्मी मंदिराच्या आवारात २०२४ मध्ये ९० फुटी हनुमान उभा राहिला. दोन्हीकडे हात जोडणाऱ्या मराठी माणसाच्या ओठांवर ‘देव सगळे एकच’ हे शब्द सहज येतात. क्वान आम मुळात आपल्या लेण्यांतला अवलोकितेश्वर, हे खरंच आहे. चीनमध्ये तो स्त्रीरूप झाला, जपानात कान्नोन. पण जपानी देवळात हे वाक्य पुरत नाही. तिथे देव एक झाले नाहीत, ते शेजारी झाले.

टोकियोच्या असाकुसा भागातलं सेन्सोजी पाहा. परंपरा सांगते, ६२८ साली सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली आणि गावच्या प्रमुखाने आपल्या घराचंच देऊळ केलं. आज कान्नोनच्या देवळाला लागूनच या तिघांचं शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान आहे. मूर्ती सापडलेली आणि तिला घर देणारी माणसंच तिथे देव झाली. सेन्सोजीत धुपाचा धूर अंगावर ओढून घ्यायचा आणि मुकाट्याने हात जोडायचे. शेजारच्या तोरी कमानीतून आत गेलं की दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. कान्नोनपुढे मात्र टाळी नाही. चार पावलांत हातांची रीत बदलते. कार्ल्याला चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरा बसली आहे, तिच्या भक्तांतही कोळी मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हे चित्र आपल्याला परकं वाटू नये.

हा शेजार म्हणजे नुसता गोंधळ आहे, असं जपानच्या मेइजी सरकारला १८६८ मध्ये वाटलं. त्याने बौद्ध आणि शिंतो वेगळे करण्याचा हुकूम काढला. मूर्ती फुटल्या; एनोशिमा बेटावर बेन्झाइतेनला, म्हणजे आपल्या सरस्वतीला, शिंतो देवींसाठी जागा सोडावी लागली. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: शेजार म्हणता म्हणता एक दुसऱ्याला गिळतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्धाला विष्णूचा अवतार मानायला नकार आहे, तो याच अनुभवातून. जपानातही भिक्षूंनी शिंतो देवांना बुद्धांचीच स्थानिक रूपं ठरवून खालची पायरी दिली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच मला असाकुसा मोलाचं वाटतं. तिथे कोळी आज स्वतःच्या नावाने पुजले जातात. दर मे महिन्यात त्यांची सान्जा जत्रा भरते, आणि सुमारे शंभर पालख्या कान्नोनच्याच देवळामागे गोळा होऊन निघतात.