पहिली सागरसफर : ऋतू, मार्ग आणि दर्या



दर्याकाठच्या माणसाला समुद्राची ओळख करून देण्याचे कारण पडत नाही. तांडेलाच्या घरचे दहा वर्षांचे पोर आभाळाकडे पाहून जे सांगेल, तेच आम्हांला चार पुस्तके चाळून सांगावे लागते. परंतु आजचा आमचा श्रोतृवर्ग बहुतांशी घाटावरचा आहे. आणि घाटावरच्या गावांतून अलीकडे एक नवीच गोष्ट घडू लागली आहे. मुलगा किंवा मुलगी आईवडिलांच्या हातावर बोटीची तिकिटे ठेवते. मुंबईहून निघायचे, गोवे पाहायचे, जमल्यास लक्षद्वीप पाहायचे आणि चार-पाच दिवसांत घरी यायचे. २०२१ साली अशा फेऱ्या करणारी मोठी बोट मुंबईहून सुटू लागली, आणि ज्यांचा सारा जलप्रवास अपोलो बंदर ते घारापुरी एवढ्यातच आटोपला होता अशी माणसे भरसमुद्रात रात्री काढू लागली.

अशा मंडळींकडून आम्हांला जे प्रश्न येतात, ते आम्ही नीट लक्षात ठेवले आहेत. खोलीला खिडकी असते काय? जेवण शाकाहारी मिळते काय? सामान किती न्यावे? हे सर्व प्रश्न रास्त आहेत. परंतु ‘कोणत्या महिन्यात जावे’ हा प्रश्न शंभरांत एखादाच विचारतो, आणि ‘बोट कोणत्या बाजूने कोणत्या बाजूस जाते’ हा तर कोणीच विचारीत नाही. आमचे म्हणणे असे की, हा क्रम उलटा करावा. आधी महिना पाहावा, मग मार्ग, मग बोटीतली जागा. बाकीचे सारे त्यानंतर. समुद्र शांत की खवळलेला, ही निव्वळ नशिबाची गोष्ट नव्हे. तिची कारणे आहेत, आणि ती पुष्कळशी आधी कळण्याजोगी आहेत.

आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसांच्या मनात बोटीविषयी एक धास्ती असते. तिला हसू नये. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अवसेच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट रेवसच्या अलीकडेच उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या कित्येक घरांतून त्या दिवसाची आठवण अजून निघते. परंतु ती आठवण काय शिकवते, हे पाहिले पाहिजे. बोट लहान, माणसे खच्चून भरलेली, महिना ऐन पावसाळ्याचा; लाटेचे पाणी आत येताच घाबरलेली माणसे एका अंगाला लोटली आणि बोटीचा तोल गेला. आजच्या सहलीच्या मोठ्या बोटीची गोष्ट निराळी असते. तिच्यावर माणसे मोजून घेतात, आणि ती सहसा पावसाळ्यात या किनाऱ्यावर फिरतच नाही. म्हणून ‘रामदास’ची आठवण काढून घरी बसणे जसे चुकीचे, तसेच ‘आता बोटी मोठ्या झाल्या, आता कसली भीती’ असे म्हणून कोणत्याही महिन्याचे तिकीट काढणेही चुकीचे. बोट मोठी झाली, तरी दर्या तोच आहे.

आता लाट कशी उठते ते पाहू. लाटेचा मोठेपणा तीन गोष्टींवर ठरतो : वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांबवरच्या पाण्यावरून वाहिला. विहिरीवर कितीही सोसाट्याचा वारा सुटला, तरी तेथे लाट होत नाही. पाण्याला पल्लाच नसतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावर या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. नैर्ऋत्येचा वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून निघून, मध्ये कोठेही जमिनीचा अडथळा न येता, आठवडेच्या आठवडे आपल्या किनाऱ्याकडे वाहतो. त्यामुळे जून ते ऑगस्ट या काळात कोकणाबाहेर तीन-चार मीटरची लाट ही नित्याची गोष्ट होऊन बसते. मुंबई-गोवा अगिनबोटी चालत होत्या, त्या काळी पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, आणि कोळीबांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच होड्या लोटीत, ते यामुळेच. ही केवळ रूढी नव्हती. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे हवामानशास्त्र होते.

पावसाळ्याच्या दोन्ही कडांना आणखी एक धोका असतो, तो चक्रीवादळांचा. अरबी समुद्रातली वादळे बहुधा मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या आरंभापर्यंत होतात. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि माणसांसकट नाहीशी झाली. अगदी अलीकडे, २०१७ च्या डिसेंबरारंभी ‘ओखी’ वादळ लक्षद्वीपावरून गेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गेले. फरक एवढाच की, १८८८ साली नाखव्याला पुढे काय वाढून ठेवले आहे हे कळण्याची सोय नव्हती. आज हवामान खाते आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्रविषयक संस्था काही दिवस आधीच इशारा देतात. त्यामुळे या महिन्यांत जिवाला धोका फारसा नसतो. धोका असतो तो बेत मोडण्याचा.

सर्वांत निवांत काळ म्हणजे साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा. या दिवसांत किनाऱ्यालगतची लाट बहुधा मीटर-दीड मीटरच्या आत असते. रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाणी तेल ओतल्यासारखे गुळगुळीत दिसते. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून सुटतो आणि सायंकाळी लाटांच्या शेंड्यांवर पांढरा फेस दिसू लागतो. मार्च-एप्रिलकडे दुपारच्या या वाऱ्याचा जोर वाढतो. म्हणून ‘सकाळी इतके शांत होते, संध्याकाळी काय झाले?’ असे विचारून घाबरू नये. हे रोजचेच चालले आहे.

परंतु शांत ऋतूतही एक गोष्ट नवख्याला चकित करते. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, आणि तरीही बोट संथपणे डुलते आहे. ही लाट येथली नसते. दुसऱ्या कोठल्या तरी वाऱ्याने उठवलेली ती पाहुणी असते. इराणच्या आखाताकडे हिवाळ्यात ‘शमाल’ नावाचा वारा सुटतो, त्याची लाट वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचते. दक्षिणेकडून तर याहून लांबची लाट येते. हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाला झालेल्या वादळाची लाट हजारो किलोमीटर चालून केरळात येते आणि निरभ्र दिवशी घरांत पाणी शिरते. तिला तेथील लोक ‘कल्लक्कडल’ म्हणतात. म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र.

आता मार्गाकडे वळू. मुंबईहून गोव्याचे मार्मागोवा बंदर समुद्रमार्गे सुमारे २३० सागरी मैल, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर आहे. बोटीचा वेग ‘नॉट’मध्ये सांगतात, एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. अठरा नॉटने जाणारी बोट तासाला तेहेतीस किलोमीटर कापते, म्हणजे गोव्याला एका रात्रीचा प्रवास. बोट बॅलार्ड पियरवरून सुटली की पहिला तासभर पाणी अगदी मवाळ असते, कारण आपण बंदराच्या आडोशाला असतो. कुलाब्याच्या टोकाबाहेरचा प्रॉंग्जचा दीपस्तंभ आणि खांदेरीचा दिवा मागे पडला की खरा समुद्र लागतो. पुष्कळ लोक त्या पहिल्या तासात पोटभर जेवून ‘आम्हांला काही होत नाही’ असे जाहीर करतात, आणि दुसऱ्या तासात मुकाट्याने खोली गाठतात.

दक्षिणेकडे जाताना पश्चिमेची लाट बोटीच्या कुशीवर येते आणि बोट आडवी डुलते. वायव्येचा वारा जाताना पाठीशी असतो. परतताना तोच समोरून येतो, आणि बोट नाळेकडून वर उचलली जाऊन खाली बसते. म्हणून जातानाची रात्र सुखाची गेली, तरी येतानाची तशीच जाईल असे धरून चालू नये. शिवाय समोरचा वारा आणि बोटीचा वेग यांची बेरीज होते. वारा ताशी तीस किलोमीटरचा असला, तर उघड्या गच्चीवर तो साठाहून अधिक भासतो. वृद्ध माणसांनी अशा वेळी कठड्याला धरून चालावे आणि कानाला रुमाल बांधावा.

ऋतू बदलला की मार्ग कसा बदलतो, याचे उदाहरण याच बोटीने घालून दिले. २०२२ च्या जूनमध्ये ती चेन्नईहून फेऱ्या करू लागली. कारण नैर्ऋत्येचा वारा आपल्या किनाऱ्यावर समुद्रावरून येतो, तर चेन्नईला तोच वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. तेथे लाटेला पल्ला मिळत नाही. एकच वारा एका किनाऱ्याला वैरी आणि दुसऱ्याला सोयरा!

लक्षद्वीपाविषयी मात्र विशेष सावध करणे भाग आहे. ही पोवळ्यांची बेटे आहेत. भोवती उथळ पाण्याचे सरोवर आणि त्याबाहेर खडकांचे कडे. मोठी बोट आत जाऊ शकत नाही. ती बाहेर उभी राहते आणि उतारूंना लहान होडक्यांतून बेटावर नेतात. पूर्वी मालवण-वेंगुर्ल्याला अगिनबोटीतून पडावात उतरताना जी कसरत करावी लागे, तीच ही. आठ-दहा मजली बोटीला जी लाट जाणवतही नाही, ती होडक्याला हातभर वर-खाली करते, आणि मग उतरणे रद्द होते. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक याच बेटासाठी वर्षभर पैसे साठवून गेले होते. बेट समोर दिसत होते, ऊन पडले होते, आणि कप्तानाने उतरण्यास नकार दिला. ते गृहस्थ पुढे कित्येक महिने फसवणूक झाल्यासारखे बोलत. ‘निदान असे होऊ शकते हे कोणी आधी सांगितले असते!’ हे त्यांचे वाक्य आमच्या मनात राहिले, आणि खरे पाहता आजचे हे व्याख्यान त्या वाक्यातूनच निघाले आहे.

कप्तानाचा तो अधिकार समजून घेतला पाहिजे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली आणि १९१४ साली सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्या करारान्वये सुरक्षिततेच्या बाबतीत कप्तानाच्या निर्णयात बोटीच्या मालकालाही ढवळाढवळ करता येत नाही. वेळापत्रकावर छापलेले बंदर हा संकल्प असतो, वचन नव्हे. तसेच बोटीवर चढताच जीवरक्षक जाकीट कसे बांधावे व कोठे जमावे याची जी तालीम घेतात, ती चुकवू नये. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्ता कॉंकॉर्दिया’ कलंडली, तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येकांची ती तालीम झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक करण्यात आला.

बोटीतली जागा निवडताना मुलांचा फळीवरचा खेळ आठवावा. मधोमध टेकू दिलेल्या फळीच्या टोकांची मुले वर-खाली होतात. मधला जवळजवळ स्थिर राहतो. बोटीचेही तसेच. मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. वरच्या मजल्यावरची, नाळेजवळची महागडी खोली सर्वांत जास्त. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात. ते आडवे डोलणे पुष्कळ कमी करतात, पण पुढचे-मागचे उचलणे त्यांना थांबवता येत नाही.

बोट लागण्याविषयी थोडक्यात सांगतो. डोळा सांगतो खोली स्थिर आहे, कानाच्या आतला तोल सांगतो ती हलते आहे. या भांडणात पोट ढवळते. म्हणून उघड्यावर यावे आणि क्षितिजावर नजर लावावी. हलके, कोरडे खावे. उपाशी राहू नये. औषध घ्यायचे तर मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यावे, आणि काचबिंदू, प्रोस्टेट यांसारखी व्याधी असणाऱ्यांनी वैद्याला विचारूनच घ्यावे. यात कमीपणा काही नाही. इंग्लंडचा नौसेनापती नेल्सन याला जन्मभर बोट लागत असे. शरीर दोन-तीन दिवसांत सरावते खरे, पण आपली सहल तेवढ्यात संपते! म्हणून पहिली सफर दोन रात्रींची आणि जानेवारी-फेब्रुवारीतली असावी.

तात्पर्य काय, तर तिकीट काढताना मुलांनी आईवडिलांना बोटीची चित्रे दाखवावीत, पण त्याआधी पंचांग आणि नकाशा दाखवावा. ज्याला पुढे काय येणार हे ठाऊक आहे, तो रात्री खोली डुलू लागली तरी ‘ही पश्चिमेची लाट’ असे म्हणून कुशीवर वळतो. ज्याला ठाऊक नाही, तो ‘रामदास’ आठवत पहाट करतो. लाट दोघांच्या खोलीत सारखीच असते. आपणां सर्वांच्या वाट्याला पहिल्या माणसाची झोप येवो, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.